माळ्यावर काकडलो: थंडीत न हलता रात्र कशी काढता?

शेवटची_सरी · शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, आधीच सांगतो, बंदूक-बिंदूक काही नाही. माझी शिकार कॅमेऱ्याची. पण बसणं तेच आणि काकडणंही तेच, म्हणून विचारतोय.

राधानगरीच्या अलीकडं, अभयारण्याच्या हद्दीबाहेर मामाचा दोन एकर खोडवा, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेला ऊस, आहे. पंधरा दिवस झाले, रात्री गवे येतात, शेंडे खातात, तुडवतात आणि उजाडायच्या आत डोंगराला लागतात. मामा माळ्यावर, म्हणजे शेतातल्या बांबूच्या मचाणावर, राखण करतो. मी म्हटलं, एक रात्र मी बसतो, फोटो तरी मिळेल. मामी म्हणाली, "वाकळ घेऊन जा." मी म्हटलं, "जॅकेट आहे की."

कोल्हापुरातनं नऊला बाइकवर निघालो. अंगात कॉटनचा टीशर्ट, हुडी, त्यावर जॅकेट, खाली जीन्स. पायात दोन जोड मोजे आणि स्पोर्ट शूज. गाडी वस्तीवर लावली आणि बॅग, ट्रायपॉड घेऊन वीस मिनिटं चढ चढलो. घाम फुटला. माळ्यावर बसलो तेव्हा मस्त वाटत होतं. मोबाइल ११ अंश दाखवत होता. म्हटलं, ही काय थंडी!

बाराला पाठ गार पडली. एकला ढुंगण बधिर. तीनला दात वाजायला लागले. आवाजानं गवा बुजेल म्हणून रुमाल चावून धरला. पावणेपाचला ऊस कडकडला. चांदण्यात दोन गवे, पायातले पांढरे मोजे स्पष्ट दिसत होते, चाळीस-पन्नास पावलांवर. कॅमेरा उचलला तर बोट बटणावर आहे का नाही तेच कळेना. दाबलं, तर बॅटरी गेलेली.

प्रश्न साधा आहे. चार हजारांच्या आत चांगलं जॅकेट कुठलं?

रंकाळा_चौपाटी · शनिवार, रात्री ९.५२

मामीचं ऐकलं नाहीस, विषय संपला. धागा बंद करा.

भोगावतीकाठ · शनिवार, रात्री १०.१५

भावा, जाकीट घेऊ नगंस. आधी तीन गोष्टी सांग. माळ्यावर पोचल्यावर घामेजलेलं बनियन बदललंस का? बुडाखाली काय हुतं? आणि बाइकवर छातीला काय लावलंतंस?

शेवटची_सरी · शनिवार, रात्री १०.२१

बनियन नाही बदललं. बुडाखाली बांबूच. छातीला काय लावायचं असतं?

भोगावतीकाठ · शनिवार, रात्री १०.५८

मग जाकिटाची काय चूक? इस्कटून सांगतो.

तू काकडलास ते तीनला न्हाई, चढ चढतानाच काकडलास. कळलं तीनला. घाम आला, कॉटननं प्याला, आणि तू वरनं जाकीट घालून त्यो आतच कोंडलास. आता रातभर तुझ्या पाठीला ओलं फडकं. ओल्या फडक्याला शेक मिळतोय तुझ्याच अंगातनं. माळ्यावर चढलं की पयलं काम म्हंजे वरचं सगळं काढायचं, अंग पुसायचं, कोरडं बनियन घालायचं. त्या दोन मिंटांत जीव जातोय, पण पुढची सा तास जगतोस.

दुसरं. थंडी वरनं येते असं सगळ्यांस्नी वाटतंय. ती खालनं येते. माळ्याच्या बांबूला फटी असत्यात, खालनं वारं वाहतंय, आणि तू बुडाखाली जीन्सचा एक पदर घेऊन बसलास. आमचा आबा माळ्यावर आधी वीतभर भाताचं पिंजर टाकायचा, त्यावर पोतं, त्यावर घोंगडं, आणि मग सोता. पिंजर दाबून बसलं की पातळ हुतंय, म्हणून दोन-तीन रात्रींनी उलटंपालटं करायचं न्हाईतर नवं टाकायचं. उसाचा वाळला पाला पण चालतोय, पण पाला कुरकुरतोय. हललास की गव्याला निरोप.

तिसरं, बाइक. छातीवर जाकिटाच्या आत पेपरच्या चार घड्या. हे आमच्यातल्या दूधवाल्या पोरास्नी कुणी शिकवावं लागत न्हाई.

मॅडिसन_मंगळवारपेठ · रविवार, पहाटे ५.३०

इथं संध्याकाळ आहे, जेवण उरकून लिहितोय. मूळचा मंगळवार पेठेतला, गेली काही वर्षं विस्कॉन्सिनमध्ये. इथं परवाना काढून हरणाची शिकार करता येते. बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवस चालतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी चालवता येते, म्हणजे त्याच्याही आधी, मिट्ट अंधारात, झाडाला बांधलेल्या स्टँडवर चढून बसायचं. अंगावर भगभगीत नारिंगी (आता गुलाबीही चालतं) घालायची सक्ती, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही हरीण वाटू नये. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही.

पहिल्या वर्षी ऑफिसातला एक मित्र घेऊन गेला. उणे १० च्या आसपास. मी गाडीतच सगळं चढवलं. दोन थर्मल, स्वेटर, त्यावर फुगीर जॅकेट. बर्फातनं अर्धा मैल चाललो आणि स्टँडवर पोचेस्तोवर पाठ चिंब. दीड तासात खाली उतरलो. मित्राचे वडील ट्रकमध्ये कॉफी पीत बसले होते. त्यांनी घड्याळ बघितलं, काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी त्यांनीच शिकवलं. गाडीपाशी उभं असताना थंडी वाजलीच पाहिजे. उबदार वाटतंय म्हणजे जास्त घातलंय. अंगात पातळ लोकर आणि एक वाराबंद जॅकेट, बाकी सगळं बॅगेला बांधलेलं. नेहमीच्या निम्म्या वेगानं चालायचं, धाप लागली की थांबायचं. वर पोचल्यावर लगेच जाड कपडे घालायचे नाहीत. दहा मिनिटं तसंच बसायचं, अंगाची वाफ जाऊ द्यायची, बनियन बदलायचं आणि अंग गार पडायला लागायच्या जरा आधी जाड कपडे चढवायचे. त्या दहा मिनिटांचा अंदाज यायला मला तीन हंगाम लागले.

भोगावतीकाठ यांनी जे सांगितलं त्यातलं एक अक्षर इथले लोक वेगळं सांगत नाहीत. फक्त पिंजराच्या जागी फोम. इथला माणूस दोन गाद्या नेतो, एक बुडाखाली आणि एक पायाखाली. पायाखालचीच लोक विसरतात.

आता तुझे दोन जोड मोजे. बूट तेवढाच आणि मोजे दुप्पट, म्हणजे पाय आवळला. आवळला की रक्त कमी फिरतं, आणि मोज्यातली हवा दाबून गेली की ऊब धरायला काही उरतच नाही. एकच जाड लोकरी मोजा घाल आणि बोटं हलतील एवढा मोठा बूट. चालायचे मोजे वेगळे, बसायचे वेगळे.

हातासाठी इथं छोट्या पुड्या मिळतात. आत लोखंडाचा भुगा असतो, फोडली की हवा लागून गंजायला लागतो आणि त्या गंजण्याची उष्णता आठ-दहा तास पुरते. म्हणजे हवा पाहिजेच. बुटात घातली की अर्ध्या वाटेत मरते आणि माणूस म्हणतो पुडी खराब निघाली. मी एक खिशात ठेवतो आणि एक मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी लागते. जाड हातमोज्यानं चाप ओढता येत नाही, तुझं बटणही दाबता येणार नाही. आत पातळ मोजे आणि कमरेला बांधलेली पिशवी, दोन्ही हात तिच्यात. वेळ आली की एकच हात बाहेर.

आणि न हलता ऊब आणायची एक युक्ती. मांड्या आवळायच्या, दहा मोजायचे, सोडायच्या. मग पोटऱ्या, मग पोट. बाहेरून पुतळा, आतून जोर चालू. तालमीत गेलेल्याला वेगळं शिकवायला नको.

स्टँडला पट्टा बांधल्याशिवाय इथं कुणी शहाणा बसत नाही. गारठलेला माणूस उतरताना पडतो, कारण हात पकडतोय का नाही हे त्याला कळत नाही. माळ्यावर शिडी असेल तर हे लक्षात ठेव.

काटा_किर्र · रविवार, सकाळी ७.४०

प्रतिसाद वाचून इथं १५ अंशांत मला स्वेटर घालावा लागला.

नियम_वाचा · रविवार, सकाळी ८.०५

विस्कॉन्सिनची शिकार तिथं ठीक. पण इथल्या वाचकांसाठी स्पष्ट करावं की भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि गवा पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्लं तर पंचनामा करून भरपाई मागता येते. सुरुंग, तारेत करंट, फासे, यातलं काही इथं कुणी सुचवू नये.

शेवटची_सरी · रविवार, सकाळी ८.१८

कुणी सुचवलेलं नाही हो. मामा डबा वाजवतो आणि बॅटरी मारतो, तेवढंच. पंचनामा झालाय.

जुना_राजवाडा · रविवार, सकाळी ९.३०

अवांतर होईल, पण कोल्हापूर आणि शिकार असा विषय निघाला आणि चित्ता आला नाही तर पाप लागेल. आपल्या संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करायचे. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यायचा, कळप दिसला की टोपी काढायची. इथले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणले. ती शिकार दिवसाउजेडी, उघड्या माळावर. थंडीत रात्रभर बसायचा प्रश्नच नव्हता.

बसायची शिकार ती दाजीपूरकडची. ते संस्थानचं राखीव शिकारीचं जंगल, आणि त्याचंच १९५८ साली अभयारण्य झालं. जिथं राजे गव्यासाठी बसायचे तिथं आता आपण तिकीट काढून दिवसा जातो आणि संध्याकाळच्या आत बाहेर येतो. न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले प्राणी आहेत, लहान पोरांना घेऊन जा, रात्री झोपणार नाहीत.

खड्डामाग · रविवार, दुपारी १२.१०

वाकळीचा विषय निघाला, घोंगड्याचा नुसता उल्लेख झाला, म्हणून लिहिते. आमच्या घरात तीन पिढ्या घोंगडी विणतात. सासरे अजून मागावर बसतात.

आपल्याकडचं घोंगडं दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. ती जाडी-भरडी, कुसळासारखी टोचते, म्हणून मऊ शाल वापरणाऱ्याला नको वाटते. पण टोचणाऱ्या लोकरीचा उभा केस वाकत नाही, आणि त्या केसाकेसांमधे हवा अडकते. ऊब त्या हवेची. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, सालं काढून, दळून, शिजवून केलेली. कुंच्यानं ती सुतावर ओढताना हात खरखरीत होतात, आणि ती वाळेस्तोवर अख्ख्या आळीत वास. त्यामुळं नवं घोंगडं पत्र्यासारखं ताठ असतं. गिऱ्हाईक म्हणतं, कडक आहे. चार-दोन धुण्यांनंतर खळ निघते, लोकर आटून दाट होते, मग ते अंगाला बसतं. तोवर लोक कंटाळून सोफ्यावर टाकतात.

एक चूक सगळे करतात. घोंगडं अंगावर पांघरतात आणि खाली काही नाही. धनगर बघा, निम्मं खाली, निम्मं वर. पावसात त्याची खोळ करतात, डोक्यावरनं पाठीवर. ओलं झालं तरी लोकर ऊब सोडत नाही, कॉटनसारखी अंगाला चिकटत नाही. वास मात्र येतो. ओल्या मेंढीचा. त्याला इलाज नाही.

बाजारात घोंगडं म्हणून मिळतं त्यात ॲक्रिलिक असतं. एक दोरा ओढून काडीनं जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वासते आणि राख बोटानं चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते. शेकोटीजवळ बसणार असाल तर हा फरक महत्त्वाचा.

शेवटची_सरी · रविवार, दुपारी १२.३१

ताई, मामाचं घोंगडं आहे ते. मी त्यावर कॅमेऱ्याची बॅग ठेवली होती. माती लागू नये म्हणून.

रंकाळा_चौपाटी · रविवार, दुपारी १२.३४

कॅमेरा उबदार होता म्हणजे.

गंगावेस_पहाट · रविवार, दुपारी १.५०

एवढं सगळं कशाला? एक क्वार्टर, दोन उकडलेली अंडी. आमचे जुने शिकारी काय फोम घेऊन जायचे?

रात्रपाळी_ओपीडी · रविवार, दुपारी ३.२०

क्वार्टरवर मी बोलणारच होतो.

दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पोटातली ऊब कातडीवर येते, म्हणून तोंड गरम होतं आणि माणूस म्हणतो, बघा, ऊब आली. आली नाही, चालली. वर थंडी कळेनाशी होते, म्हणून तो टोपी काढतो. जुने शिकारी प्यायचे ते घरी परत आल्यावरच्या गोष्टीत जास्त प्यायचे.

११ अंशांत माणूस मरत नाही असं वाटतं. ओला असेल, वाऱ्यात असेल, दमलेला आणि उपाशी असेल तर ११ अंश पुरे होतात. पाणी हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगानं उष्णता ओढतं. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की प्रकरण गंभीर. हुडहुडी भरतेय तोवर शरीर लढतंय. हुडहुडी थांबली, माणूस बरळायला लागला, चेन लावता येईना, तोंडानं म्हणतोय "मला काय झालं नाही", तर तेव्हा घाबरा. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, खाली वाऱ्यापासून आडोसा आणि अंगाखाली काहीतरी जाड. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा. हातपाय चोळू नका, शेकोटीला चिकटवू नका, पळवू नका.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते हे शाळेपासून ऐकतो, ते खरं नाही. डोकं म्हणजे शरीराचा जेमतेम दहावा हिस्सा, उघडं राहिलं तर साधारण त्याच हिशोबानं जातं. पण बाकी सगळं झाकलेलं असताना तेवढंच उघडं असतं, म्हणून कानटोपी घाला.

शेवटचं, आणि हे मनापासून. खोपीत किंवा गाडीत दारं लावून कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. एका डिसेंबरात असे दोघं आमच्याकडं आणले होते, एकच वाचला. अंगावर वाकळ नीट गुंडाळलेली होती.

गंगावेस_पहाट · रविवार, दुपारी ३.४१

क्वार्टर मागे घेतो. अंडी राहू देत. गंगावेशीत पहाटे धारोष्ण दूध पिऊन निघालं तर चालेल का?

रात्रपाळी_ओपीडी · रविवार, दुपारी ३.४४

उकळलेलं असेल तर दोन पेले प्या.

दारं_धरते · रविवार, रात्री ८.१२

सगळा धागा वाचला. एक विचारू का? तुम्ही हौसेनं बसताय. आम्ही लाइटीनं बसतोय.

शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत मालक मोटारीपाशी आणि मी दारं धरायला. एक सरी भरली की दार मोडायचं, पाणी पुढच्या सरीत. बसायचं नाही, आणि ऊबदार व्हावं एवढं हलायचं पण नाही. वीस मिनिटं उभं राहायचं, दोन मिनिटं खोरं मारायचं, परत उभं. पाय पाण्यात. रात्री दोनला विहिरीचं पाणी पायाला कोमट लागतं, खोटं नाही सांगत, पण पाण्यातनं पाय बाहेर काढला की वारं सुरीसारखं लागतं.

जॅकेटवर एवढं बोलला, साडीवर कुणी बोललं नाही. काठ भिजला की पाणी वर चढतं, गुडघ्यापर्यंत. मी आता रात्री मालकाची पँट घालते, त्यावर शर्ट, आणि कमरेला जुनी साडी दुहेरी करून आवळून बांधते. पोट-कंबर गरम राहिलं की निम्मं काम झालं. गावात पहिल्यांदा हसले. आता तिघी जणी घालतात.

गमबूट घेतला. बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतला घाम बाहेर जात नाही. पहाटेपर्यंत मोजा पिळून काढावा. आता दोन मोजे जवळ ठेवते, मध्यरात्री बदलते, आणि काढलेला ओला मोजा पोटाशी धरते, सकाळपर्यंत वाळतो. गमबुटाच्या तळाला वाळलं गवत टाकते, ते घाम पितं, सकाळी फेकून द्यायचं.

आणि लघवीला जावं लागेल म्हणून बायका पाणी पीत नाहीत. चहा नाही, पाणी नाही, मग डोकं दुखतं आणि थंडी जास्त वाजते. याचा उपाय माझ्याकडं नाही. लाइट दिवसा द्या, एवढाच आहे.

मॅडिसन_मंगळवारपेठ · सोमवार, पहाटे ४.५०

ताई, पोटाशी मोजा वाळवायची गोष्ट मी इथं हजारो रुपयांच्या कोर्समध्ये शिकलो. तुमचं गवतही. उत्तर युरोपात रेनडिअर पाळणारे सामी लोक पूर्वापार बुटात वाळलेलं गवत भरत आलेत.

साडीच्या काठावर तुम्ही बरोबर आहात. खाली ओलं असेल तर वर दहा थर घालून उपयोग नाही.

भोगावतीकाठ · सोमवार, सकाळी ७.१०

वैनी, दंडवत. माळ्यावर बसून गव्याला डबा वाजवणारं मी, मला थंडीचं काय सांगायचा अधिकार हाय असं वाटत हुतं. न्हाई.

लेन्सवाला_नेज · सोमवार, सकाळी १०.४०

कॅमेऱ्याचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. थंडीत बॅटरीची ताकद कमी दिसते, मेलेली नसते. अंगात, बगलेजवळच्या खिशात दोन ठेव आणि आलटून-पालटून लाव. गार कॅमेरा मामीच्या चुलीपाशी एकदम नेऊ नकोस, आत वाफ धरते. बाहेरच पिशवीत घालून तोंड बांध, घरात तासभर तसाच ठेव. लेन्सवर दव पडतं ते आभाळ निरभ्र असलं की जास्त, तेव्हा लेन्सला पुढून कॅप लावून बस.

आणि सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री नसते. उजाडताना आणि त्यानंतर थोडा वेळ असते. लोक तांबडं फुटलं की जॅकेट काढतात आणि तिथंच काकडतात.

शेवटची_सरी · पुढचा शनिवार, दुपारी २.२५

गेलो होतो. काल रात्री. सांगतो.

जॅकेट घेतलं नाही. छातीला पेपर लावला. १० अंशांत साठच्या वेगानं बाइक मारली की उघड्या कातडीला साधारण ५ अंशांसारखं लागतं असं हिशोब करून कळलं, आणि पेपर काढल्यावर पटलं. या वेळी सगळं बॅगेला बांधलं, नुसत्या बनियन आणि शर्टावर चढ चढलो. वस्तीवरची दोन पोरं बघत होती, "दाजी, थंडी वाजत न्हाई व्हय?" वाजत होती. तीन ठिकाणी थांबलो. वर पोचलो तेव्हा मानेला जरासा ओलसरपणा, एवढंच.

माळ्यावर मामानं पिंजर टाकून ठेवलं होतं. मी सांगितलं नव्हतं, मामीनं सांगितलं असावं. त्यावर पोतं, त्यावर घोंगडं निम्मं खाली निम्मं वर, आणि सगळ्यावर मामीची वाकळ. वाकळ आठ-नऊ साड्यांची, एका कोपऱ्यात मामीच्या लग्नातल्या शालूचा तुकडा, जर काळी पडलेली. रात्री कंटाळा आला की त्या कोपऱ्यावर बोट फिरवत होतो. शिवण एवढी जवळ की बोटाला दाणेदार लागते.

बूट एक नंबर मोठा, मित्राचा मागून आणला. एकच लोकरी मोजा. पाय बधिर झाले नाहीत. मांड्या आवळायची युक्ती चालते, पण मी मोजता मोजता झोपलो दोनदा, म्हणून डोळे उघडे ठेवून करा.

काय चुकलं तेही सांगतो. हात. पिशवी शिवून घेतली नाही, खिशात घालून बसलो, आणि कॅमेरा उचलताना खिसा वाकळीत अडकला. गूळ-शेंगदाणे नेले होते, पण पुडी प्लॅस्टिकची. मध्यरात्रीच्या शांततेत प्लॅस्टिक काय वाजतं! पुढच्या वेळी फडक्यात. आणि पाणी प्यायलो नाही, दारं_धरते ताईंचं वाचूनसुद्धा. आळस.

गवे सव्वाचारला आले. तीन. मी उबदार होतो, बोटं चालत होती, बॅटरी बगलेतनं काढून लावलेली. एक मादी बांधावर थांबली, मान वर करून वास घेत राहिली. नाकातनं वाफ निघत होती, तीही चांदण्यात दिसली. मी कॅमेरा उचलला, आणि मामा खालून डबा वाजवायला लागला.

रंकाळा_चौपाटी · पुढचा शनिवार, दुपारी २.३१

मामाचा ऊस की तुझा फोटो?

शेवटची_सरी · पुढचा शनिवार, दुपारी २.३३

तेच मामा म्हणाला. एक फोटो आलाय, ढुंगणाचा. पांढरे मोजे मात्र नीट दिसतात.

खड्डामाग · पुढचा शनिवार, दुपारी ४.०५

घोंगडं उन्हात घाला आता, उलट्या बाजूनं. पिंजराचा कुसपट निघेस्तोवर झटका, नाहीतर मामी पुढच्या वेळी देणार नाहीत.